दात शिवशिवतोय: आधी लेप की थेट फिलिंग?

जुळे_सोलापूर_डेंटिस्ट: "दात शिवशिवत असेल तर आधी लेप मारून घ्या, शिवशिव थांबली की निवांत फिलिंग करा, जास्त टिकतं." कालपासून ही पोस्ट जो तो पुढे ढकलतोय. त्यात आमच्या धंद्यातलेही आहेत, म्हणून लिहिते. जास्त टिकत नाही. लेप डेंटिनच्या, म्हणजे दाताच्या आतल्या थराच्या, बारीक नळ्यांची तोंडं बुजवतो आणि बाँडला, म्हणजे फिलिंग चिकटवणाऱ्या द्रवाला, आत शिरायला तीच तोंडं उघडी लागतात. ऑक्झॅलेटच्या लेपाचे खडे एकदा वर बसले की ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडनेही नीट निघत नाहीत. बाँड वरच्यावर चिकटतो, कडेला फट राहते, तिथून झिरपायला लागतं आणि शिवशिव पुन्हा हजर.

सात_रस्ता_क्लिनिक: मॅडम, सगळे लेप एकाच दावणीला बांधू नका. ग्लुटाराल्डिहाइड आणि हेमा ही रसायनं असलेला लेप नळीतल्या द्रवातली प्रथिनं गोठवतो, वर खडे बसवत नाही. हेमा तर कित्येक बाँडमध्येही असतंच. एच केलं, म्हणजे ॲसिड लावून दात खडबडीत केला, धुतलं, तो लेप लावला आणि मग बाँड लावला तर पकड कमी होत नाही, असंच बहुतेक चाचण्यांत दिसलंय. मी रोज वापरतो. माझ्या पेशंटचे रात्री फोन येत नाहीत.

जुळे_सोलापूर_डेंटिस्ट: फोन आला नाही म्हणजे कड सील झाली, हे कुठलं गणित? नस गप्प आणि खाली गळती चालू, असंही होतं. शिवाय तुम्ही एच करून धुता. बरेच जण आता एका बाटलीतला सेल्फ-एच, म्हणजे एच आणि बाँड एकातच असलेला, मारतात. त्याचं ॲसिड सौम्य. आर्जिनिन-कॅल्शियमच्या लेपाचा थर त्याला काय दाद देणार?

बाळीवेसकर: डॉक्टरलोकांनो, माझं ऐका. मला लेप मारला आणि पुढच्या भेटीत सिमेंट भरलं. कडक भाकरी शेंगाचटणीत बुडवून मोडली, तर घासाबरोबर सिमेंटचा अख्खा तुकडा जिभेवर आला. दवाखान्याचं नाव घेत नाही. लेपाचं बिल वेगळं, फिलिंगचं वेगळं, परत भरायचं आणखी वेगळं. कुठली चाचणी अन् काय घेऊन बसलाय!

सात_रस्ता_क्लिनिक: मिश्री लावता का? ते आधी सांगा. तंबाखू भाजून रोज दातांच्या मानेवर घासायची आणि फिलिंग निघालं की बाँडला शिव्या.

अशोक_चौक: आलं का गाडं मिश्रीवर? माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि जर्दा, तोंडात मिश्री. भूक मरते म्हणून लावायची, हौस म्हणून नाही. हजाराचा हिशोब पुरा होईपर्यंत उठायची सोय नव्हती. तुम्ही एसीत बसून अशा बायकांना नावं ठेवता?

सात_रस्ता_क्लिनिक: नावं कोण ठेवतंय? मिश्रीने तोंडाचा कॅन्सर होतो. तुम्हाला राग येईल म्हणून मी ते बोलायचं नाही का?

अशोक_चौक: बोला की, पण नीट बोला. आईला तिथल्या तिथे सगळ्यांसमोर "घाण करून ठेवलीय" असं ऐकवलंय एका डॉक्टरनं. त्यानंतर ती वर्षानुवर्षं दवाखान्याची पायरी चढली नाही. हिरड्या खाली गेल्या, मुळं उघडी पडली, तरी पाणी कोमट करून पीत राहिली.

बाळीवेसकर: आणि मी मिश्री लावतच नाही वो! कडक ब्रश वापरतो, तेवढंच.

जुळे_सोलापूर_डेंटिस्ट: मग दाताच्या मानेवरची खाच त्या ब्रशनेच पडली असणार. कशानेही पडो, या खाचेची वरची कड इनॅमलवर, म्हणजे दाताच्या कडक आवरणावर येते आणि खालची मुळावर. मुळावर इनॅमल नसतं. गळती बहुतेक खालूनच सुरू होते आणि लेपही नेमका तिथेच फासलेला असतो.

पार्क_चौक_पीजी: एक सांगू का? गळतीच्या या चाचण्या बहुतेक काढलेल्या दातांवरच्या असतात. ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात आलटून पालटून बुडवायचे, मग दात कापून रंग किती शिरला ते मोजायचं. जिवंत दातात आतून द्रवाचा दाब असतो. तेवढ्यावरून पेशंटला घाबरवू नये.

जुळे_सोलापूर_डेंटिस्ट: आतून दाब असेल तर ओल वाढते. त्याने बाँडचं भलं होत नाही, उलट अवघड होतं. ग्लुटाराल्डिहाइडपुरतं मात्र सात रस्त्यांचं मानते, एच नंतर लावला तर. हिरडीला लागू देऊ नका, भाजते.

सात_रस्ता_क्लिनिक: चला, एवढं तरी मानलंत. सेल्फ-एचवाल्यांनी आधी लेप मारू नये, हे मलाही पटतं. पण ज्याला फिलिंग करायचंच नाही, नुसतं थंड लागतं, त्याचा लेप बंद पाडू नका.

जुळे_सोलापूर_डेंटिस्ट: तो बंद करा असं मी कुठेच लिहिलेलं नाही. वर जाऊन वाचा.

अशोक_चौक: आईच्या खालच्या दाताला गेल्या महिन्यात लेप मारलाय, आता फिलिंग सांगितलंय. काय करू?

जुळे_सोलापूर_डेंटिस्ट: कुठला लेप होता ते त्या दवाखान्यातून लिहून आणा. वरचा थर बरने, म्हणजे दात कोरायच्या टोकाने, हलका खरवडून, फॉस्फोरिकने वेगळं एच करून भरायला सांगा. हिरडीशी ओल थांबत नसेल तर ग्लास आयनोमर सिमेंट बरं. आणि मिश्री सुटली तर बघा.

अशोक_चौक: फिलिंगचं विचारतो. मिश्रीचं मी बोलणार नाही. तिला तुमच्याकडेच घेऊन येतो, तुम्ही सांगा, पण एकटीला आत घेऊन.