नऊ तासांचा प्रवास, घोडी घामाघूम होते: गुंगीच्या औषधाशिवाय काय करता येईल?

एकटीघोडी:
घोडी ८ वर्षांची, वजन अंदाजे ४५० किलो. ट्रेलरमध्ये मुकाट चढते. पण गाडी सुटली की अर्ध्या तासात मान आणि छाती ओलीचिंब, लीद पातळ, आणि उतरेपर्यंत पाण्याला तोंड लावत नाही. पुढच्या महिन्यात नऊ तासांचा प्रवास आहे, दोन घोड्यांचा ट्रेलर, पण जाणार ती एकटीच. लॅव्हेंडर तेल, मॅग्नेशियम, कॅमोमाइल असं बरंच कानावर येतंय. यातलं खरंच काय लागू पडतं? आणि निघण्याआधी उपाशी ठेवावं का?

लांबदावं:
उपाशी अजिबात नको. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरत असतं, पोटात चारा असो वा नसो. रिकाम्या पोटी गाडीचे हेलकावे बसले की ते आम्ल जठराच्या वरच्या, नाजूक भागाला लागतं आणि तिथे व्रण होतात. निघण्याच्या तासभर आधी वाळवलेला लसूणघास एक किलो द्या, त्यातलं कॅल्शियम आम्ल शमवतं. सवय नसेल तर दहा दिवस आधीपासून मूठमूठ वाढवत न्या. दाणा मात्र त्या दिवशी बंद, वाळलं गवत हवं तेवढं.

पण माझ्या मते तेलाबिलाच्या आधी बघायची गोष्ट म्हणजे मान. आखूड बांधलेल्या घोड्याला मान खाली घालता येत नाही आणि श्वासनलिकेतला कफ मान खाली गेल्याशिवाय निथळत नाही. तो साचला की जंतू वाढतात आणि फुप्फुसात उतरतात. लांबच्या प्रवासानंतर होणारा न्यूमोनिया बहुतेक वेळा असाच सुरू होतो. दावं एवढं सोडा की नाक छातीच्या खाली जाईल, पण पाय अडकणार नाही. ते थेट कडीला न बांधता मध्ये सुतळीचा फास घाला, जोराचा झटका बसला तर तो तुटला पाहिजे. दर तीन-चार तासांनी सावलीत थांबा, दावं सोडून गवत तिच्या पायाशी टाका आणि २०-३० मिनिटं खाली मान घालून खाऊ द्या. रस्त्याच्या कडेला उतरवायच्या फंदात पडू नका. प्रवासातलं सगळं गवत आधी दहा मिनिटं पाण्यात बुडवून निथळून घ्या, नाहीतर गवताच्या जाळीतली धूळ नऊ तास नाकात जात राहते.

बादलीभर:
पाण्याचं सांगतो. परकं पाणी वासानेच नाकारलं जातं, म्हणून घरचं पाणी कॅनमध्ये भरून न्या, निदान ४० लिटर. तरीही पीत नसेल तर आठवडाभर आधीपासून १० लिटरच्या बादलीत कपभर सफरचंदाचा रस घाला आणि वाटेत तीच चव द्या. शेजारी साध्या पाण्याची बादली हवीच. किंचित कोमट पाणी बरेच घोडे जास्त पितात. एवढं करूनही तोंड लावलं नाही, तर गवताच्या गोळ्या चौपट पाण्यात भिजवून पातळ लापशी तोबऱ्यात न देता उथळ घमेल्यात द्या. खाण्यातून पाणी जाईल.

आदल्या संध्याकाळी भिजवलेल्या खाण्यात ३० ग्रॅम साधं मीठ पुरे. इलेक्ट्रोलाइटची (क्षारांची) पेस्ट मात्र न पिणाऱ्या घोड्याला कधीच देऊ नका. पेस्टमधलं मीठ शरीरातलंच पाणी आतड्यात ओढतं आणि घोडा आणखी सुकतो. तुमच्या घोडीचं घामातून आणि पातळ लिदेतून पाणी आधीच जातंय. अशा घोड्याला पोटशूळ बऱ्याचदा गाडीत न उठता दुसऱ्या दिवशी उठतो, आतड्यात लीद सुकून अडकली की.

खराराआणिब्रश:
चढताना शांत आणि गाडी सुटल्यावर घाम, याचा अर्थ तिला ट्रेलरची भीती नाही, तोल सावरता येत नाहीये. मधली फळी जमिनीपर्यंत आहे का बघा. असेल तर तिला पाय फाकवून उभं राहता येत नाही, वळणावर ती घसरते आणि घाबरते. एकटीच जाणार आहे तर फळी काढा किंवा बाजूला सरकवा. खाली रबरी मॅट, त्यावर किंचित ओलसर लाकडाचा भुसा. ब्रेक लांबून आणि हळू, वळण पूर्ण संपेपर्यंत वेग वाढवायचा नाही. झूल घालू नका, खिडक्या उघड्या ठेवा, फक्त वारा थेट डोळ्यांवर नको.

सोबतीला ओळखीचा शांत घोडा मिळाला तर त्याच्याइतका गुण कशाचाच नाही. नाहीच मिळाला तर डोळ्यांच्या उंचीला न फुटणारा आरसा लावा, एकट्या घोड्याला त्याचाही उपयोग होतो. पण आधी घरी उभ्या ट्रेलरमध्ये तिला तो दाखवा.

लॅव्हेंडरने हृदयगती खाली येते असं छोट्या प्रयोगांत दिसलंय, पण वास घेत असेपर्यंतच. फडक्यावर दोन-तीन थेंब टाकून हुंगायला द्या, नाकपुडीला तेल चोळू नका, त्वचा भाजते. मॅग्नेशियम कमतरता असेल तरच. कॅमोमाइलवर माझा भरवसा नाही. कोणी वॅलेरियन सुचवलं आणि घोडी स्पर्धेची असेल तर हातही लावू नका, ते बंदी असलेल्या द्रव्यांत मोडतं. थांब्यावर आयाळ संपते तिथे, मानेच्या मुळाशी, बोटांनी पाच मिनिटं जोरात खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात आणि त्याने हृदयगती उतरते. वरचा ओठ लांबून थरथरायला लागला की जागा बरोबर सापडली.

एकटीघोडी:
मधली फळी जमिनीपर्यंतच आहे! उतरल्यावर काय बघायचं आणि काम कधी सुरू करायचं?

लांबदावं:
आधी पाणी, मग जमिनीवर गवत, मग दहा-पंधरा मिनिटं हाताने चालवणं. हिरडी बोटाने दाबून सोडा, दोन सेकंदांत रंग परतला पाहिजे. दुसरा दिवस पूर्ण आराम. तापमान सकाळ-संध्याकाळ तीन दिवस घ्या. ३८.५ सेल्सियसच्या वर गेलं, किंवा तापाशिवायही ती खाईना, जागची हलेना, श्वास उथळ वाटला, तर त्याच दिवशी पशुवैद्य बोलवा, खोकल्याची वाट बघू नका. तिचं नेहमीचं तापमान किती हे मात्र आत्ताच, घरी शांत असताना, चार-पाच दिवस लिहून ठेवा. ३७.४ वाल्या घोडीला ३८.३ म्हणजेसुद्धा काहीतरी बिनसलंय.