एलॉयच्या गालावरची लव आणि गेममधल्या बायका

फूलबागवाली

गेल्या आठवड्यात भाची राहायला आली होती, तेरा वर्षांची. तिला 'होरायझन फॉरबिडन वेस्ट' हा व्हिडिओ गेम लावून दिला. त्यातली नायिका एलॉय कड्यावर उभी होती, ऊन तिरपं पडलं होतं आणि तिच्या गालावरची बारीक लव चमकत होती. भाचीने गेम थांबवला, टीव्हीजवळ जाऊन नीट पाहिलं आणि स्वतःच्या वरच्या ओठावरून बोट फिरवलं. दोन महिने झाले, थ्रेडिंगसाठी आईच्या मागे लागली आहे. बोलली काहीच नाही. परत येऊन खेळायला बसली.

2022 साली हा गेम आला तेव्हा याच लवेवरून काही लोकांनी ओरड केली होती की ही बाई पुरुषी दिसते. मला तेव्हा नुसता राग आला होता. भाचीचं ते बोट पाहिल्यावर कळलं की राग कशाचा होता.

ग्वाल्हेरच्या बाडा चौकाजवळच्या सायबर कॅफेत भावामागे उभं राहून मी गेम पाहायला शिकले. बाई असलीच तर ती बघणाऱ्यासाठी घडवलेली असायची. ही खोड फार जुनी आहे. 1986 च्या 'मेट्रॉइड'मध्ये चिलखतातला योद्धा शेवटी बाई निघतो, सॅमस. केवढी मोठी गोष्ट! पण पाच तासांच्या आत गेम संपवला तर ती शिरस्त्राण काढते, आणि तासाभराच्या आत संपवला तर बिकिनीत दिसते. म्हणजे खेळणारा जितका तरबेज, तितके तिचे कपडे कमी. अख्खा गेम जिने लढून काढला, तिलाच शेवटी बक्षीस म्हणून मांडायचं!

मी कपड्यांची लांबी मोजायला बसलेली नाही. बाईला गेममध्ये स्वतःचं काम हवं आणि कॅमेऱ्याचं लक्ष त्या कामावर हवं. टोळीने वाळीत टाकलेली एलॉय आपली आई कोण हे शोधायला निघते. 'पोर्टल'मधली (2007) चेल नारंगी जम्पसूटमध्ये, तोंडातून एक शब्द काढत नाही, पण प्रत्येक कोडं तिच्याकडूनच सुटतं. मला अशा हव्यात. तुमचं काय म्हणणं आहे?

जुना_पीसी

ताई, मला हे पटत नाही. 'गॉड ऑफ वॉर'मधला योद्धा क्रेटोस उघडाबंब हिंडतो, त्याबद्दल कोणी अक्षर काढत नाही. दिवसभर दुकान सांभाळून रात्री तासभर खेळायला बसतो, तेव्हा मला देखणी माणसं बघायची असतात. बाई असो की पुरुष. 2024 मध्ये नायिकेच्या तंग कपड्यांवरून 'स्टेलर ब्लेड'वर किती टीका झाली! तरी दोन महिन्यांत 10 लाखांवर प्रती गेल्या. लोकांना हवं तेच बनणार.

फूलबागवाली

दादा, क्रेटोस उघडा आहे खरा, पण त्याला पाहून खेळणाऱ्या मुलाला वाटतं, मी असा असतो तर! कुऱ्हाड फेकताना कॅमेरा त्याच्या कमरेखाली रेंगाळत नाही. आणि खपाचंच बोलायचं तर एलॉयच्या पहिल्या गेमच्या 2 कोटींहून जास्त प्रती गेल्या आहेत. लोकांना तीही हवी होती.

दौलतगंजची_सून

मी बाई आहे, खेळते, आणि मला 'बायोनेटा' गेमची नायिका बायोनेटा आवडते. 2009 पासून. तिचं रूप मारी शिमाझाकी या चित्रकार बाईनेच घडवलं आहे. ती ठुमकते, चष्मा सावरते आणि देवदूतांना लोळवते. कोणाची परवानगी मागत नाही.

माहेरी ओढणी नीट घे, सासरी पदर नीट घे, हे ऐकत मोठी झाले. आता गेममध्येही अंगभर कपडे घातलेलीच बाई सशक्त, असं ऐकायचं? ताई, तुमचा हेतू चांगला आहे, पण तुमचं बोलणं लोक याच अर्थाने घेतील. नटलेली बाई कणखर असू शकत नाही का?

फूलबागवाली

असू शकते. तुमचा हा मुद्दा मला लागला, आणि माझ्याकडे याचं पुरतं उत्तर नाही. फक्त एवढं वाटतं की बायोनेटा नटते तेव्हा ती स्वतः मजा घेत असते. 'मेटल गिअर सॉलिड 5'मधल्या, बिकिनीत फिरणाऱ्या नेमबाज क्वाएटचं तसं नाही.

जुना_पीसी

क्वाएटचं मान्य. ती कातडीने श्वास घेते म्हणून कपडे घालू शकत नाही, हे कारण मलाही 2015 मध्ये पटलं नव्हतं. गेम मात्र आजही आवडतो. पण अमुकच प्रकारची बाई दाखवा, असा आग्रह नको.

कंपूकर

तुम्ही सगळे कपड्यांवर अडलात. मला खुपतं ते वेगळंच. बाईला कणखर दाखवायचं म्हणजे आधी तिला पिळून काढायचं, हे कोणी ठरवलं? 2013 च्या 'टूम रेडर'मध्ये नायिका लाराला पूर्ण कपडे दिले, कथाही चांगली आहे. पण नदीच्या लोंढ्यात तुमची दिशा चुकली की एक सळई तिच्या गळ्यातून आरपार जाते. ती हातांनी सळई धरते, तडफडते, आणि कॅमेरा तिथून हलत नाही. मी त्या जागी चार वेळा चुकलो, चारही वेळा ते पाहावं लागलं. पाचव्यांदा बायको खोलीतून उठून गेली. हेही बाईला बघण्याची वस्तू करणंच आहे.

आणि आपल्या गावची एक गोष्ट. फूलबागेत जिची समाधी आहे, 1858 च्या जूनमध्ये जी इथे स्वाराच्या वेशात लढता लढता पडली, ती राणी लक्ष्मीबाई एका मोठ्या गेममध्ये आहे. 'द ऑर्डर: 1886', साल 2015. कथेत ती जिवंत आहे आणि लंडनमध्ये बंडखोरांचं नेतृत्व करते. अंगभर कपडे, आब राखलेला, सगळं ठीक. पण खेळणारा कोण? इंग्रजांचा सरदार गॅलाहॅड. राणी भेटते, बोलते, तिच्या हातातली तलवार मात्र आपल्या हातात येत नाही. ग्वाल्हेरच्या माणसाला हे किती लागतं ते इथे वेगळं सांगायला नको.

फूलबागवाली

दादा, हे मला सुचलंच नव्हतं. बटणं कोणाच्या हातात, हे माझ्या यादीत पहिलं हवं होतं. मग पुण्याच्या नॉडिंग हेड्स या कंपनीचा 'राजी' (2020) खेळा. सर्कशीत कसरती करणारी पोर, खांबावर चढते, भिंतीवरून धावते, राक्षसांशी लढते. पहिल्यापासून शेवटपर्यंत आपण तीच असतो.

दौलतगंजची_सून

'राजी' मीही खेळले आहे. दिसायला सुरेख. पण तीही निघते ती भावाला सोडवायलाच. मारिओ राजकन्येला सोडवायला जातो तेव्हा तुम्ही नाक मुरडता, मग इथे का नाही? बहिणीला स्वतःसाठी म्हणून काही हवं असतं की नाही?

फूलबागवाली

गोलू धाकटा आहे हो, आणि त्याच्याशिवाय तिला कोणी नाही. मी तिच्या जागी असते तर मीही गेलेच असते. पण तुमचा प्रश्न रास्त आहे. भाची शनिवारी येते आहे, तिला 'राजी' लावून देते आणि तिलाच विचारते. बायोनेटा ती मोठी झाल्यावर. तोवर तुमचा-माझा वाद उभा आहे.