‘प्रोलॉग’ला मराठीत काय म्हणावं? (संदर्भ: कादंबरीवरच्या अद्भुतपटाची सुरुवात)

एका अद्भुतरम्य कादंबरीवर पटकथा लिहिते आहे. टिपणं मराठीत काढते आणि पहिल्याच पानावर अडले. मूळ कथेच्या तीनशे वर्षं आधीचं एक प्रकरण पुस्तकाच्या सुरुवातीला आहे. राज्य कसं बुडालं, शाप कुणी दिला, तलवार कुठे गेली, वगैरे. इंग्रजीत याला सरसकट प्रोलॉग म्हणतात. मी ‘प्रस्तावना’ लिहिलं, तर सहलेखक म्हणाला की प्रस्तावना पुस्तकाला असते आणि बहुधा दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेली असते. ‘नांदी’ म्हटलं की पुढे काहीतरी वाईट घडणार असं वाटतं. पूर्वकथा, पूर्वपीठिका, उपोद्घात, आरंभदृश्य यांतलं काय घ्यावं? आणि हे प्रकरण सिनेमात अगदी सुरुवातीला असावं का, यावरही मतं असतील तर वाचायला आवडतील.

*

उपोद्घात नको. तो शास्त्रग्रंथाला शोभतो, तलवारीला नाही. पूर्वपीठिका म्हणजे एखाद्या गोष्टीमागची परिस्थिती, अहवालातही असते. ‘पूर्वकथा’ चालेल.

*

‘पूर्वकथा’ हे मजकुराचं नाव झालं. ती तिसऱ्या अंकातही सांगता येते, एखादा म्हातारा शेकोटीशी बसून सांगतो तशी. प्रोलॉग हे जागेचं नाव आहे: सगळ्यात आधी जे येतं ते. विचारलंय जागेबद्दल, उत्तर मिळालं मजकुराबद्दल.

*

खरं तर जागा आणि मजकूर सोडून तिसरीकडेच बघायला हवं. तो भाग काम काय करतो? संस्कृत नाट्यशास्त्राने याचा फार बारकाईने विचार केलाय आणि आपण ते शब्द अडगळीत टाकलेत.

जे रंगमंचावर प्रत्यक्ष दाखवायचं नाही पण प्रेक्षकाला कळायला हवं, ते सांगायच्या युक्त्यांना तिथे ‘अर्थोपक्षेपक’ म्हणतात. (शब्द जड आहे, मान्य.) असे पाच प्रकार सांगितलेत. त्यातला विष्कंभक म्हणजे दुय्यम पात्रांच्या बोलण्यातून घडलेल्या आणि घडणाऱ्या गोष्टींचा संक्षेप. प्रवेशक जवळपास तसाच, पण पात्रं हलक्या दर्जाची, आणि तो दोन अंकांच्या मध्येच यायचा. पहिल्या अंकाच्या आधी विष्कंभक चालतो, प्रवेशक नाही. त्यामुळे तुमच्या टिपणात ‘प्रवेशक’ लिहिलंत तर जुना पंडित नाक मुरडेल.

पण तुमच्या कामाचा शब्द वेगळाच आहे: चूलिका. पडद्याआडून, पात्र न दिसता, नुसत्या आवाजाने दिलेली सूचना. ‘नेपथ्ये’ असं लिहून जे येतं ते. आता २००१ चा ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला भाग आठवा. पडदा काळा आहे, कुणी दिसत नाही आणि एका स्त्रीचा आवाज जग बदलल्याचं सांगतो. ही शुद्ध चूलिका. मग चित्रं येतात, अंगठ्या घडवल्या जातात, लढाई होते आणि ७-८ मिनिटांत हजारो वर्षं उरकतात.

गंमत अशी की टॉल्किनच्या मूळ कादंबरीत हा इतिहास असा पुढ्यात मांडलेलाच नाही. तिथे प्रास्ताविक आहे, पण त्यात मुख्यतः हॉबिट या बुटक्या लोकांच्या राहणीची माहिती आहे. कथा सुरू होते ती वाढदिवसाच्या तयारीने. अंगठीचा भयंकर भूतकाळ दुसऱ्या प्रकरणात जादूगार गँडाल्फ नायक फ्रोडोला घरात बसून सांगतो आणि उरलेला बराच भाग पुढे एका लांबलचक सभेत येतो. सिनेमाने तो उपसून पुढे आणला. आणि तो आवाज जे पहिलं वाक्य बोलतो, ते पुस्तकात कथा संपत आल्यावर एका वृक्षमानवाच्या तोंडी आहे! निरोपाचं बोलणं सिनेमात स्वागताला वापरलंय. माध्यमांतर म्हणतात ते याला; नुसती काटछाट म्हणजे माध्यमांतर नव्हे.

*

चूलिका आवडली. पण एक शंका. असा आवाज लावला की काम झालं, असं पटकथालेखकांना वाटायला लागतं. २००७ चा ‘द गोल्डन कंपास’ बघा. सुरुवातीलाच निवेदन येतं: अनेक विश्वं आहेत, त्या विश्वात माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात बाहेर फिरतो, ‘डस्ट’ नावाची वस्तू आहे. फिलिप पुलमनची १९९५ ची मूळ कादंबरी मात्र नायिका लायरा आणि तिचा डेमन (म्हणजे तोच प्राणीरूप आत्मा) अंधाऱ्या होत चाललेल्या दालनातून जातायत, इथून सुरू होते. डेमन म्हणजे काय, एक अक्षर नाही. वाचक दोन पानं चाचपडतो आणि मग त्याचं त्यालाच उमगतं. त्या चाचपडण्यातच सगळी मजा आहे. सिनेमाने कोडं घालायच्या आधीच उत्तर सांगून टाकलं.

मग अंगठीच्या वेळी तीच युक्ती का खपली? माझ्या मते, तिथे नियम समजावले नव्हते, भीती पेरली होती. ती सात-आठ मिनिटं पाहिल्यावर आपल्याला सगळा इतिहास पाठ होत नाही. पण ती अंगठी साध्या म्हाताऱ्याच्या खिशात दिसली की पोटात गोळा येतो. पुस्तकात तो वाढदिवस निव्वळ गमतीचा वाटतो. सिनेमात तीच गंमत आपण धास्तावून बघतो.

*

या दोन प्रकारांना दोन शब्द हवेत. जग समजावून सांगणारी सुरुवात आणि धाक घालणारी सुरुवात.

*

पहिलीला ‘निवेदन’, दुसरीला ‘बीज’. बीज हाही नाट्यशास्त्रातलाच शब्द: सुरुवातीला अगदी थोडक्यात टाकलेलं, पुढे पसरत जाणारं. ‘द विझार्ड ऑफ ऑझ’मध्ये (१९३९) कसलाही इतिहास सांगत नाहीत. मूळ पुस्तकात (१९००) पहिल्याच प्रकरणात वादळ येऊन घर उडतं. सिनेमा मात्र सेपिया रंगातल्या कॅन्ससमध्ये बराच वेळ रेंगाळतो. शेतावरचे गडी आणि कुत्रा पकडून नेणारी खाष्ट बाई दाखवतो. पुढे तेच नट ऑझ या जादूच्या देशात वेगळ्या रूपात भेटतात. हे सगळं पेरलेलं आहे, आणि पेरणी चालू आहे हे कळूही देत नाहीत.

*

मूळ प्रश्नकर्तीला: तुम्ही ‘प्रस्तावना’ खोडलीत त्याचं मला वाईट वाटलं. नाटकातली प्रस्तावना, म्हणजे आमुख, ही सूत्रधार आणि नटी वगैरेंचं बोलणं असते. आपापसात बोलता बोलता ते अलगद नाटकात नेऊन सोडतात. ‘द प्रिन्सेस ब्राइड’मध्ये (१९८७) आजोबा आजारी नातवाला पुस्तक वाचून दाखवतात, नातू कुरकुरतो, ते हुबेहूब आमुख आहे. पुस्तकाच्या अर्थाने तो शब्द अडवून ठेवला म्हणून नाटकवाल्यांनी का सोडावा? फक्त तुमच्या प्रकरणाला तो बसत नाही. तुमच्याकडे सूत्रधारच नाही.

*

सर्वांचे आभार. शब्दापेक्षा जास्त मिळालं. पहिला आराखडा पुन्हा वाचला. तीनशे वर्षांचं ते प्रकरण म्हणजे अथपासून इतिपर्यंत निवेदन आहे: राजांची नावं, वंश, तहाची कलमं. त्यातलं धास्ती घालणारं असं एकच आहे, शाप देणारी बाई शाप उच्चारताना स्वतःच घाबरते. तेवढंच ठेवावं असं वाटतंय. बाकीचं नायिकेला कळेल तेव्हा प्रेक्षकाला कळेल. चेहरा न दाखवता फक्त तिचा आवाज ठेवला, तर त्याला चूलिका म्हणता येईल ना?

*

बेशक. पण आवाज घाबरलेला हवा, माहितगार नको. अशा निवेदनांत बोलणारा नेहमी शहाणा आणि शांत असतो, त्यामुळे ऐकणाराही शांत होतो. आणि तिला राजाचं नाव घेऊ देऊ नका. पहिल्या मिनिटात कानावर पडलेलं परकं नाव कुणाच्याही लक्षात राहत नाही.

*

राजांची नावं गेल्यावर निर्माता विचारेल की लोकांना कळणार कसं. हा प्रश्न येतोच, आणि बरेचदा त्यातूनच शेवटच्या क्षणी निवेदन चिकटवलं जातं. उत्तर तयार ठेवा: पुढे कुठल्या दृश्यात काय उलगडतं, याचा एक पानी तक्ता.

*

तक्ता करते. एक शेवटचं: चूलिका लिहिताना ‘चू’ ऱ्हस्व की दीर्घ?

*

दीर्घ. ‘लि’ ऱ्हस्व. तत्सम शब्द आहे.