पालट पटतो कधी: क्षणात, की खोड राहिल्यावर?

उंबरठा:
माणूस बदलला असे लिहिणे सोपे, ते वाचकाच्या गळी उतरवणे अवघड. व्हिक्टर ह्यूगोच्या १८६२ सालच्या 'ले मिझेराब्ल' कादंबरीतला ज्याँ व्हालज्याँ पाहा. पाव चोरल्याबद्दल ५ वर्षे आणि पळून जाण्याच्या प्रयत्नांपायी आणखी १४, अशी १९ वर्षे सक्तमजुरीत काढून सुटलेला हा माणूस, ज्या बिशपने आसरा दिला त्याचीच चांदीची भांडी लांबवतो. शिपाई त्याला धरून आणतात, तेव्हा 'ती मीच दिली होती' असे सांगून बिशप वर चांदीची दोन शमादानेही त्याच्या हवाली करतो. साधारण लेखकाने इथेच वाचकाचे डोळे ओले करून प्रकरण मिटवले असते. ह्यूगो मात्र लगोलग त्याच व्हालज्याँला माळावर एका पोराच्या ४० सूंच्या नाण्यावर पाय ठेवून उभा करतो. पोर रडत निघून गेल्यावर पायाखालचे नाणे दिसते आणि मग कुठे हा गडी कोसळतो. उपकार झाल्यावरही जुनी खोड एकदा उफाळून येते, म्हणूनच पुढचा पालट मला खरा वाटतो.

शाईदौत:
असहमत. हा कादंबरीचा हिशेब झाला, गोष्टीचा नव्हे. वाल्या कोळ्याची कथा आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पटते. तीत असे घसरणे कुठे आहे? एका खुनाला एक खडा, असे सात रांजण भरलेले. नारदमुनी विचारतात की या पापात वाटेकरी कोण, वाल्या घरी जाऊन विचारतो, आणि बायकापोरे सरळ हात वर करतात. एका नकाराने माणूस उलटापालटा होतो. पायरीपायरीने झालेल्या सुधारणेत मला अनेकदा लेखकाची कारकुनीच दिसते, तर असा क्षण नेमका पकडणे ही खरी कसोटी आहे.

उंबरठा:
आपणच दिलेले उदाहरण माझ्या बाजूने साक्ष देते. त्या वाल्याच्या तोंडून 'राम' उमटत नाही. ज्याने आयुष्यभर मारण्याचाच धंदा केला, त्याच्या जिभेला 'मरा, मरा' एवढेच जमते आणि त्यातूनच नाम घडते. ही जुनी खोड नव्हे तर काय? अंगावर वारूळ चढेपर्यंतचा काळ लोककथेने एका वाक्यात उरकला असला, तरी तो उरकला आहे, वगळलेला नाही.

पानगळ:
आपण दोघेही पालट म्हणजे उद्धार असे गृहीत धरून भांडत आहात. फ्रान्झ काफ्काच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या कथेत ग्रेगोर साम्सा पहिल्याच वाक्यात किडा होऊन जागा होतो. कारण नाही, पूर्वतयारी नाही. त्याही अवस्थेत त्याला घोर लागतो तो पाचची गाडी चुकल्याचा, कारण तो फिरता विक्रेता आहे. म्हणजे देह बदलला, नोकर तसाच राहिला. खरी बदलते ती बहीण: दूध त्याने तोंडीही लावले नाही हे पाहून जी आपण होऊन शिळ्यापाक्या अन्नाचे प्रकार वर्तमानपत्रावर मांडून ठेवते, तीच शेवटी 'हे घरातून गेलेच पाहिजे' असे म्हणते. त्या मांडून ठेवलेल्या अन्नामुळेच तिचे ते वाक्य मला जास्त लागते.

शाईदौत:
बहिणीचा मुद्दा मान्य. तिथे सावकाशपणाच हवा होता. परंतु व्हालज्याँच्या बाबतीत माझा आक्षेप कायम आहे. नाण्याचा प्रसंग ही केवळ पुस्ती आहे; पालटाचे बी बिशपच्या एका वाक्यातच पडलेले होते, त्यामुळे तो काढला तरी कथा उभी राहते.

उंबरठा:
उभी राहील, पण लंगडत. पुढे तो नाव बदलून नगराध्यक्ष होतो, आणि त्याच्या ऐवजी भलताच मनुष्य पकडला गेल्याचे कळते, तेव्हा गप्प राहावे की स्वतः हजर व्हावे या घालमेलीत तो अख्खी रात्र काढतो. ओळख पुसण्यासाठी जुने कपडे, पडशी, काठी असे सगळे तो चुलीत घालतो, आणि ते जळताना राखेत काहीतरी चमकते. ते तेच ४० सूंचे नाणे असते.