आधी धुराचं विचारा, वय नंतर

भेट द्यायला व्हिस्की १२ वर्षांची घ्यावी की १८, हे ठरवण्याआधी ज्यांना द्यायची आहे त्यांना धुराचा वास चालतो का ते काढून घ्या. स्कॉटलंडच्या आयला बेटावरची लाफ्रॉइग १० किंवा आर्डबेग १० उघडली की आयोडीन आणि विझलेल्या चुलीसारखा वास येतो. सवय नसेल तर बाटली कपाटातच पडून राहते. अंदाज नसेल तर ग्लेनलिवेट १२ बिनधास्त घ्या. गोव्याची पॉल जॉन ब्रिलियन्सही बिनधुराची, पण ४६ टक्के अल्कोहोलची, म्हणून चमचाभर पाणी घालायला आवर्जून सांगा. लेबलवर वय नाही म्हणून तिला कमी लेखू नका. आपल्याकडच्या उष्ण हवेत पिंपातली व्हिस्की लवकर मुरते. आणि बाटली उभीच ठेवायची! आडवी ठेवली तर अल्कोहोलने बूच खराब होतं आणि उघडताना त्याचे तुकडे आत पडतात.