केआय-६७ ८५%: आईच्या रिपोर्टमधले हे आकडे कसे वाचायचे?

चाफेकळी
आईचं वय ६३. मानेतली गाठ काढून तपासायला पाठवली होती, डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, म्हणजे बी-पेशींचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे, रिपोर्ट मात्र आजच हातात पडला. तेव्हापासून पोटात गोळा आलाय. जसंच्या तसं लिहिते: सीडी२० पॉझिटिव्ह, सीडी१० निगेटिव्ह, बीसीएल६ पॉझिटिव्ह, मम१ पॉझिटिव्ह, बीसीएल२ ७०%, मिक ४५%, केआय-६७ ८५%. खाली 'नॉन-जीसीबी, डबल एक्स्प्रेसर, फिश करावे' असा शेरा. ८५% म्हणजे तेवढा पसरलाय का? आई शेजारच्याच खोलीत आहे. तिने विचारलं तर काय सांगू?

रिकामटेकडा
माझ्या माहितीप्रमाणे ८० च्या वर म्हणजे चौथी स्टेज.

जुनी_स्लाइड
वरचं वाक्य आधी डोक्यातून काढा. स्टेज पेट स्कॅन वगैरेवरून ठरते, केआय-६७ वरून नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट, आता निवृत्त. केआय-६७ हे विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींच्या केंद्रकात सापडणारं प्रथिन. स्वस्थ बसलेल्या पेशीत ते नसतं. स्लाइडवर अशी केंद्रकं तपकिरी दिसतात, बाकीची निळी. गाठीतल्या शंभरातली पंच्याऐंशी तपकिरी, एवढाच त्याचा अर्थ. हा आजारच झपाट्याने वाढणारा, त्यामुळे ८०-९० बघून आम्ही खुर्चीतून उठत नाही. मँटल सेल या दुसऱ्या प्रकारच्या लिम्फोमात ३०% ची रेघ खरंच कामाची आहे. तुमच्या आईंच्या आजारात मात्र एकट्या केआय-६७ वरून भाकीत करायला गेलेल्या अभ्यासांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत.

नॉन-जीसीबी, म्हणजे जर्मिनल सेंटरच्या टप्प्यावरच्या बी-पेशीतून न निघालेला, हा शिक्का सीडी१०, बीसीएल६ आणि मम१ या तीन रंगांवरून मारतात. २००४ मधली हान्स पद्धत, प्रत्येकाला ३०% ची रेघ. या गटाचे निकाल सरासरीने थोडे डावे, पण पेशी कुठल्या टप्प्यावर बिघडली याचा तो अंदाज आहे, निकालपत्र नव्हे.

आता डबल एक्स्प्रेसर. मिक पेशीला वाढायला लावतो, बीसीएल२ तिला मरू देत नाही. मिक ४० च्या वर आणि बीसीएल२ ५० च्या वर गेलं की हे नाव पडतं. जोखीम वाढते हे खरं, खोटा दिलासा देणार नाही. पण तो ४५ आला कुठून तेही ऐका. बहुतेक ठिकाणी तो डोळ्यांनी अंदाजून लिहितात. मिकचा रंग कडेला गडद, मध्ये फिका, असं खूपदा होतं. गाठ फॉर्मालिनमध्ये उशिरा पडली तर आणखी फिका. मी ४५ लिहिलं त्याच स्लाइडवर शेजारच्या टेबलावरून ३५ आलेलं आहे, आणि दोघेही शुद्धीवर होतो. म्हणून ४० च्या रेघेला चिकटलेला मिक ४५ आणि रेघेच्या खूप वर गेलेला मिक ८५ यांत फरक करा.

फिश, म्हणजे जनुकांची जागा बदलली आहे का ते बघणारी तपासणी, मात्र टाळू नका. डबल एक्स्प्रेसर म्हणजे प्रथिन जास्त, डबल हिट म्हणजे मिक आणि बीसीएल२ या जनुकांचीच जागा बदललेली. दुसरा प्रकार जास्त त्रासदायक, त्यात बरेचदा आर-चॉप या नेहमीच्या औषधसंचाऐवजी अधिक तीव्र औषधं निवडतात. डबल हिट जवळजवळ नेहमी जीसीबी गटात सापडतो, आईंचा रिपोर्ट त्या बाजूचा नाही. तरी तपासायचंच.

सोमवारी रक्तातलं एलडीएच, स्टेज, गाठींबाहेर किती ठिकाणी आजार आहे आणि आई रोजची कामं कितपत करतात, हे विचारा. वय धरून हे पाच मुद्दे, १९९३ पासून आयपीआय या जोखीम मोजायच्या गुणपद्धतीत हेच मोजतात.

आणि आईंना सांगायला तुमच्याकडे ओळ आहे, तीही पहिलीच: सीडी२० पॉझिटिव्ह. आर-चॉपमधलं रिटुक्सिमॅब हे औषध पेशीवरच्या त्याच प्रथिनाला जाऊन चिकटतं. ते नसतं तर मला जास्त काळजी वाटली असती.

सहावी_सायकल
ताईंनी सगळं सांगितलंच आहे. माझा केआय-६७ ९०% होता. दर २१ दिवसांनी आर-चॉप, सहा वेळा. सहा वर्षं झाली, आजार परतला नाही. माझ्यावरून आईंचं ठरवू नका, पण ९० वाला माणूस इथे टाइप करतोय एवढं बघून ठेवा. जपायचं ते गोळ्यांच्या प्रेडनिसोलोनच्या पाच दिवसांत. मला झोप नाही, आणि घरच्यांवर आवाज चढायचा. आधी सांगून ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

रिकामटेकडा
चुकलं. माफ करा.

चाफेकळी
जुनी_स्लाइड ताई, तुमचा प्रतिसाद छापून सोमवारी नेला होता. स्टेज दुसरी, एलडीएच थोडं वाढलेलं. फिश काल आलं, मिकची जागा बदललेली नाही. आर-चॉपच ठरलंय, पहिली सायकल गुरुवारी.

आईने त्याच रात्री विचारलं होतं. सीडी२० चं सांगितलं. म्हणाली, "म्हणजे औषधाला धरायला जागा आहे." आणि कूस बदलून झोपली. मी जागीच होते.