जत्रेतलं दशावतारी नाटक शूट करायचंय, कॅमेरा आणि ट्रायपॉड कसा लावू?

कुडाळचो_झील

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी दशावतारी नाटक होतं. यंदा मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने देवस्थानाला एक वापरलेला सोनी एचएक्सआर-एनएक्स१०० कॅमेरा आणि ७५ एमएम बोलचा (हेड बसतं ती वाटी) फ्लुइड हेड ट्रायपॉड दिलाय. अख्खं नाटक शूट करून ठेवायचं ठरलंय आणि ‘तू कॉम्प्युटरवालो मां’ म्हणून काम माझ्या गळ्यात पडलंय. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मोबाइल सोडून आजवर कशावरही शूट केलेलं नाही.

परवा खळ्यात लावून बघितला. हात सोडला की कॅमेरा पुढे नाकावर पडतो. टिल्टची नॉब आवळली की पडत नाही, पण मग खाली-वर करताना झटके बसतात. रात्री बल्बखाली भावाला उभं केलं तर त्याचा चेहरा पांढराफटक आला. मधूनच कोणी पुढून गेलं की फोकस जातो आणि परत यायला वेळ लावतो. आवाज नाटक मंडळींच्या मिक्सरवरून घेता येईल असं कळलं, पण कॅमेऱ्याला तीन पिनांची दोन भोकं आहेत आणि बाजूला बारीक स्विच आहेत, त्यातलं काय कुठे ते समजत नाही.

पालखी झाल्यावर नाटक उभं राहतं ते पहाटेपर्यंत. जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

शटरबग_पुणे

एवढं टेन्शन कशाला? या कॅमेऱ्याचा ऑटो मोड चांगला आहे. सगळं ऑटोवर टाक, स्टेज पूर्ण येईल एवढं वाइड ठेव, रेकॉर्ड दाब आणि नाटक बघ.

मधुकाका

ऑटोवर टाकून नाटक बघायला हरकत नाही, पण मग देवळाचा सीसीटीव्ही काय वाईट? मी लग्नं, कीर्तनं, नाटकं, पतसंस्थांच्या वार्षिक सभा, सगळं शूट केलंय. त्यातल्या त्यात दशावताराला ऑटो सगळ्यात जास्त फसतो. कसा ते पुढे सांगतो. वयाने लहान आहेस म्हणून तू म्हणतोय, राग मानू नकोस.

आधी ट्रायपॉड. कॅमेरा नाकावर पडतोय याचा अर्थ हेड बिघडलंय असा नाही, बॅलन्स झालेला नाही. उजेड असताना, संध्याकाळीच लाव. पाय आधी कॅमेऱ्याशिवाय उभे कर. वरच्या जाड नळ्या पहिल्या काढायच्या, खालच्या बारीक गरज पडली तरच. एक पाय स्टेजच्या दिशेला आणि उरलेल्या दोन पायांच्या मधे तू, नाहीतर रात्री अडीचला पॅन करताना, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवताना, पायात पाय अडकून सगळं सामान खाली येईल. मग बोलच्या खालची मूठ सैल करून हेडवरचा बुडबुडा वर्तुळाच्या मधोमध आणायचा आणि मूठ घट्ट करायची. हे टाळलंस तर समोरची फ्रेम सरळ दिसेल, पण कडेला पॅन केलंस की मांडवाचे खांब कलंडतील.

आता कॅमेऱ्यावर रात्री जे जे असणार ते सगळं आत्ताच लाव. मोठी बॅटरी, माइक, वायरी, आणि स्क्रीनसुद्धा उघडी ठेव. कॅमेऱ्याखालची प्लेट हेडवर सरकवून लॉक कर आणि कॅमेरा एकदा ओढून बघ. एक हात हँडलवर ठेवूनच टिल्टचं लॉक सोड, ड्रॅग, म्हणजे हेड फिरवताना हाताला लागणारा अडसर, शून्यावर आण. पुढे झुकतोय? प्लेट मागे घे. मागे झुकतोय? पुढे घे. आडवा ठेवून हात काढला आणि कॅमेरा जागचा हलला नाही की ते जमलं. त्यानंतर काउंटरबॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याचं वजन तोलणारी हेडमधली स्प्रिंग: कॅमेरा थोडा खाली वाकवून हलकेच सोड. अजून खाली गेला तर स्प्रिंगचा आकडा वाढव, वर उसळला तर कमी कर. स्वस्तातल्या हेडची स्प्रिंग एकाच ताकदीची असते आणि तुझा कॅमेरा हलका आहे, त्यामुळे उसळेल कदाचित. तसं झालं तर प्लेटवर थोडं वजन बांधून भागव.

ड्रॅग सगळ्यात शेवटी. पडणारा कॅमेरा ड्रॅगने किंवा लॉकने धरून ठेवायचा नसतो. तू नॉब आवळून नेमकं तेच केलंस, म्हणून झटके. ड्रॅग फक्त हाताला किती जड लागावं हे ठरवण्यासाठी. आणि कॅमेऱ्यापासून दूर जाताना मात्र दोन्ही लॉक लावायचे, चहाला गेलास तरी.

जागा मांडवाच्या पार मागे घेऊ नकोस. या कॅमेऱ्याचा झूम १२ पट आहे, म्हणजे फुल फ्रेमच्या हिशेबात २९ ते ३४८ एमएम. पण वाइडला एफ २.८ असणारी लेन्स पूर्ण झूमला एफ ४.५ होते. म्हणजे झूम करत गेलास की चित्र काळवंडत जाणार. मांडवाच्या मध्यापर्यंत जागा मिळव, प्रेक्षकांच्या डोक्यांवरून जाईल एवढं उंच फळ्यांचं व्यासपीठ करून घे. ट्रायपॉडच्या फळ्या वेगळ्या आणि तुझ्या उभं राहायच्या फळ्या वेगळ्या, एकमेकांना न टेकणाऱ्या. तू नुसता पाय बदललास तरी लांबच्या झूमला फ्रेम हलते, आणि जत्रेतली पोरं त्या फळ्यांवर चढणारच.

आता ऑटो. आयरिस म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक. ऑटो आयरिस सगळ्या फ्रेमच्या उजेडाचा हिशेब करतो. चौकटीत काळं जास्त असलं की त्याला वाटतं उजेड कमी आहे, आणि तो उघडतो. भावाच्या मागे काळोख होता, म्हणून त्याचा चेहरा जळाला. आता विचार कर, नाटकाआधीच्या आडदशावतारात संकासुर येतो, नखशिखांत काळा. तो पुढे आला की ऑटो आयरिस उघडणार आणि बाजूच्या रंगवलेल्या चेहऱ्याचं नाक-डोळे सगळं धुऊन निघणार. तो गेला की परत बंद होणार. रात्रभर हाच खेळ.

म्हणून आयरिस मॅन्युअल. एफ ४.५ च ठेव, म्हणजे झूम केलास तरी बदलणार नाही. शटर १/५०, कारण आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. १/५० किंवा १/१०० ला पट्टे येत नाहीत. जनरेटरवर गेलं की हर्ट्झ थोडं इकडेतिकडे होतं आणि हलकी लाट दिसू शकते, ते सोडून दे. उजेड कमी करणारा एनडी फिल्टर क्लिअरवर आहे ना बघ. दुपारी कोणीतरी लावून ठेवतो आणि रात्री सगळे गेनला शिव्या देतात. उरलेला उजेड गेनने, म्हणजे कॅमेऱ्यातच चित्र उजळवून, भर. ९ डीबीपर्यंत निर्धास्त, १२ पर्यंत चालवून घे. झेब्रा, म्हणजे जास्त उजळ भागावर रेघा दाखवणारी सोय, १०० वर लाव. मुकुटाच्या टिकल्या आणि जरीवर रेघा दिसल्या तर दिसू देत, कपाळावर आणि गालावर दिसता कामा नयेत. दशावतारी रंगभूषा तशीही चकचकीत असते, तेव्हा थोडं काळोखाकडेच ठेव.

व्हाइट बॅलन्स स्टेजचे साधे दिवे लागल्यावर पांढऱ्या कागदावर घे आणि मग हात लावू नकोस. ऑटोवर असलं तर राक्षसाच्या प्रवेशाला लाल दिवा टाकला की कॅमेरा तो लाल रंगच पुसायला बघतो.

फोकसही मॅन्युअल. स्टेजवरच्या बाकड्यावर बसलेल्या नटाच्या डोळ्यांवर पूर्ण झूम कर, फोकस लाव, मग मागे ये. बाकड्याच्या आसपास नाटक चाललंय तोवर विशेष हात लावावा लागणार नाही. मधून कोणी गेलं तरी कॅमेरा त्याच्या मागे धावणार नाही.

पॅनची एक युक्ती. पॅन जिथे संपणार तिकडे पावलं आणि पोट करून उभा राहा आणि कमरेतून मागे वळून सुरुवातीची फ्रेम धर. मग पॅन करताना अंग आपोआप सैल होत जातं. उलटं उभा राहिलास तर शेवटी पीळ पडतो आणि नेमकी तिथेच फ्रेम थरथरते. हँडलला जाड रबरबँड अडकवून तो बोटाने ओढून बघ, हाताचा कंप हेडपर्यंत पोचत नाही.

आवाजाचं मला फार कळत नाही. कोणीतरी सांगेल.

झांजवालो

मी दशावताराच्या पार्टीत झांज वाजवतंय. काका म्हणतत ता खरा, पण एक सांगतंय. आमचा नाटक लिवलेला नसता. कोण कधी बोलतलो ता आमकाच आयत्या वेळार कळता. एकाच तोंडार कॅमेरो रोखून रवलंस तर दुसऱ्याचा उत्तर गेला. दोगव दिसतले असो धर. युद्धाक लागले की बाकड्याच्या फुडे येतत, जागा ठेव. जनरेटर बदलताना दोन मिंटा काळोख होताच, तेवा बॅटरी लावूनच ठेव. आणि पार्टीच्या मालकाक इचारल्याबिगर युट्यूबार टाकू नको. काय पार्टीक चालता, काय पार्टीक नाय.

तिसरी_घंटा

साउंडची कामं करते, म्हणून आवाजापुरतं लिहिते.

तीन पिनांची भोकं म्हणजे एक्सएलआर. इनपुट १ ला मिक्सरची वायर, स्विच लाइनवर. इनपुट २ ला कॅमेऱ्याचा गन माइक, स्विच माइक +४८व्ही वर. मिक्सरच्या वायरीच्या बाजूला +४८व्ही चुकूनही देऊ नका. चॅनल १ वर इनपुट १ आणि चॅनल २ वर इनपुट २ असं वेगळं ठेवा. मिक्सरवर संवाद आणि पेटी स्वच्छ येईल, पण पखवाज आणि झांज मांडवात मुळातच मोठ्या वाजतात, म्हणून बरेचदा मिक्सरमध्ये त्या जेमतेम असतात. त्या आणि प्रेक्षकांचं हसू माइकमधून येईल. एडिटिंगला दोन्ही हवं तसं मिसळता येतं.

लेव्हल मॅन्युअल. नांदीला, सगळी वाद्यं जोरात असताना, काटा -१२ डीबीच्या आसपास नाचू द्या. ऑटो लेव्हल ठेवलीत तर पखवाज थांबल्यावर शांततेत जनरेटरची घरघर वर येते. वायर लावल्यावर ‘हुंऽऽ’ असा आवाज आला तर कॅमेरा अडॅप्टरवरून काढून बॅटरीवर चालवून बघा. तेवढ्याने गेला नाही तर साउंडवाल्याकडे डीआय बॉक्स असतो, तो मिक्सर आणि कॅमेऱ्याच्या मधे घालून ग्राउंड लिफ्टचं (दोन्हींचं ग्राउंड तोडणारं) बटण दाबायला सांगा. आणि हेडफोन कायम कानावर.

कुडाळचो_झील

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, संध्याकाळी प्लेट मागे घेतली, कॅमेरा आता हात सोडला तरी तसाच राहतो! मालकांशीही बोलणं झालं, फक्त देवस्थानाकडे ठेवायला परवानगी आहे, युट्यूबला नाही. १०८०/५०पी ला ५० एमबीपीएसवर ठेवलंय, बरोबर ना? कार्ड किती लागतील?

अजून एक. पॅन थांबवून हात काढला की फ्रेम केसभर मागे येते. हे हेड खराब आहे का?

मधुकाका

सेटिंग ठीक आहे. तासाला साधारण २२-२३ जीबी जातात, म्हणजे १२८ जीबीचं कार्ड साडेपाच तास पुरेल. तरी दुसऱ्या स्लॉटमध्ये आणखी एक घाल आणि रिले रेकॉर्डिंग चालू ठेव, पहिलं भरलं की आपोआप दुसऱ्यावर जातं. सकाळी दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

फ्रेम मागे येतेय म्हणजे बहुतेक ट्रायपॉडचे पाय पिळवटतायत. बोलखालची मूठ पुन्हा आवळ, पायांचे सगळे खटके तपास, पाय पूर्ण फाकवून त्यांना जोडणारा स्प्रेडर ताणलेला आहे का बघ. मग मधे वाळूची पिशवी लटकव. तरी आलं तर पॅनचा ड्रॅग एक आकडा खाली आण, जास्त ड्रॅगला हात हेड न फिरवता ट्रायपॉडच्या पायांनाच पीळ देतो. इतकं करूनही राहिलं तर पॅन थांबल्यावर हँडल एकदम सोडू नकोस, बोटं सावकाश सैल कर.